गोमाशीचे कपाळ

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा मेळाव्यात मुख्याध्यापिकेने काय बोलावे याचा एक शिरस्ता ठरलेला आहे. संस्थापकांचे स्मरण, निकालांची टक्केवारी, नव्या इमारतीचा निधी. कार्यवाहांच्या अहवालात हे सारे येऊन गेले आहे आणि ते माझ्यापेक्षा नेटके मांडले गेले आहे. म्हणून आपली अनुमती गृहीत धरून मी आज एका माशीविषयी बोलणार आहे. मी एम. ए. केले ते मराठी घेऊन. कीटकशास्त्राशी माझा संबंध केवळ अपराधी म्हणून आहे. तो अपराध छापील स्वरूपात आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पडून असेल, म्हणून त्याची दुरुस्तीही छापील व्हावी अशी माझी इच्छा आहे.

दहा वर्षांपूर्वीची सुवर्ण महोत्सवी स्मरणिका ज्यांच्याजवळ असेल त्यांनी शेवटची काही पाने उघडून पाहावीत. शाळेच्या विज्ञानकक्षातील संग्रहाची सूची तिथे दिली आहे. तिच्यात शंख-शिंपले, विश्वामित्रीच्या काठचे दगड, सुगरणीची घरटी यांच्यानंतर एक नोंद आहे: ‘गोमाशी, टॅबॅनस स्ट्रायेटस, बडोदे, १२ नमुने’. या नोंदीतले ‘गोमाशी’ आणि ‘बडोदे’ हे दोनच शब्द निर्विवाद आहेत. उरलेले माझ्यामुळे आले.

गोष्ट १९९७ च्या पावसाळ्यातली. मला शाळेत रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आले होते आणि मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे होते. नववीतल्या एका मुलीने खोक्यात टाचणीला टोचलेल्या माश्या मांडल्या होत्या. तिच्या वडिलांची लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने जाणारी घोडी होती. घराची चूल बऱ्याच अंशी त्या घोडीवर चाले. त्या पावसाळ्यात घोडीला ताप येऊ लागला. येई, उतरे, पुन्हा येई. ती खंगली, पोटाखाली आणि पायांना सूज आली, आणि महिन्याभरात गेली. गुरांच्या डॉक्टरांनी ‘सर्रा’ असे निदान केले आणि हा रोग माश्या पसरवतात असे सांगितले. मुलीने त्या तबेल्यातल्याच माश्या पकडून आणल्या होत्या. चिठ्ठीवर तिने वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘गोमाशी. प्रजाती टॅबॅनस. जाती निश्चित नाही. बहुधा एकाहून अधिक.’

मला ते अर्धवट उत्तर वाटले. परीक्षेत ‘निश्चित नाही’ असे लिहिणाऱ्याला आम्ही गुण देत नाही. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सर्रा पसरवणारी, पोटावर उभे पट्टे असलेली टॅबॅनस स्ट्रायेटस ही भारतात सर्वत्र आढळते असे वाचले. खोक्यातल्या माश्यांच्या पोटावरही पट्टे होते. मी लाल शाईने तिचा मजकूर खोडला आणि ते भारदस्त नाव लिहायला लावले. ती एवढेच म्हणाली, “बाई, या दोघींची कपाळं वेगळी आहेत.” माशीला कपाळ असते हे मी तेव्हा प्रथम ऐकले आणि हसले. तिला दुसरे बक्षीस मिळाले.

गेल्या वर्षी ती शाळेत आली. आता ती स्वतः पशुवैद्य आहे. विज्ञानकक्षाचे कपाट उघडून तिने तो खोका मागितला. बारांपैकी पाच माश्यांना कीड लागून पीठ झाले होते, सात उरल्या होत्या. खिशातून भिंग काढून तिने मला खिडकीपाशी बसवले, आणि माझे राहून गेलेले शिक्षण एका दुपारी सुरू झाले. ते पुढे पावसाळाभर चालले. त्यातले जे मला समजले ते आपणांस सांगते.

पहिली अडचण शब्दांची. आपण ‘गोमाशी’ म्हणतो, आपल्या गल्लीतले गुजराती शेजारी ‘बगाई’ म्हणतात, आणि तबेल्यात हे दोन्ही शब्द गुरांना छळणाऱ्या कोणत्याही माशीला लागतात. प्रत्यक्षात तिथे निदान तीन वेगळ्या कुळांतल्या माश्या असतात. एक चपटी, चिवट, कातडी अंगाची. ती जनावराच्या शेपटीखाली, जांघेत चिकटून बसते, खेकड्यासारखी तिरपी पळते आणि बोटाखाली चिरडली तरी मरत नाही. दुसरी अगदी घरमाशीसारखी दिसते. मात्र तिच्या तोंडातून सुईसारखी सरळ सोंड पुढे आलेली असते आणि ती जनावराच्या पायांना डसते. पुष्कळांना घरमाशीच चावली असे वाटते ते हिच्यामुळे. तिसरी ती खरी गोमाशी, टॅबॅनिडी कुळातली. जगात या कुळाच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत.

ती ओळखायची कशी? आधी आकार. आपल्याकडची पट्टेरी गोमाशी लांबीला दीड सेंटिमीटरच्या आसपास, घरमाशीच्या दुपटीहून मोठी. पण आकाराने फसगत होते. या कुळात लहान चणीच्याही पुष्कळ आहेत. म्हणून डोके पाहावे. ते धडाइतके रुंद असते आणि वरून पाहिले तर अर्धचंद्रासारखे दिसते. त्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला असतो. मग शृंगिका पाहाव्यात. घरमाशीच्या शृंगिकेवर पिसासारखा एक केस असतो. गोमाशीच्या शृंगिकेला तो नसतो, तिचा शेवटचा भाग एकमेकांत रुतलेल्या कड्यांचा बनलेला असतो. पायाच्या टोकाला दोन नख्यांबरोबर तीन गाद्या असतात. आणि सर्वांत पक्की खूण पंखावर: टोकाजवळ एक शीर दुभंगते आणि तिचे दोन फाटे पंखाच्या टोकाला मधे घेऊन कडेला मिळतात. भिंगातून ही शीर एकदा दिसली की पुन्हा विसरत नाही. मला ती दिसायला तीन दिवस लागले, हेही सांगून टाकते.

त्यानंतर नर की मादी. नराचे दोन्ही डोळे डोक्याच्या मध्यावर एकमेकांना भिडलेले असतात. मादीच्या डोळ्यांमध्ये एक उभी पट्टी मोकळी असते. रक्त पिते ती केवळ मादी, कारण अंडी वाढवायला तिला ते लागते. नर फुलांतल्या रसावर जगतो. तबेल्यात पकडलेल्या माश्या म्हणूनच जवळजवळ साऱ्या माद्या असतात. उरलेल्या सातांपैकी एकीचे डोळे मात्र भिडलेले होते. चौदा वर्षांच्या मुलीने ती वेगळी जाती समजून खोक्याच्या कोपऱ्यात एकटी टोचली होती. “तो नर होता, बाई, दिव्याला आलेला,” ती हसत म्हणाली, “तिथे मी चुकले होते.”

मग प्रजाती. आपल्या देशात तीन नावे वारंवार येतात आणि भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला ती तिन्ही आवडली. क्रिसॉप्स म्हणजे ग्रीक भाषेत सोनेरी डोळ्यांची. हिच्या पंखावर आडवा काळसर पट्टा असतो, शृंगिका लांब व सडपातळ असतात, आणि डोळ्यांच्या मधे माथ्यावर तीन बारीक साधे डोळे असतात. हिमॅटोपोटा म्हणजे रक्त पिणारी. हिचे पंख राखी, त्यांवर फिकट ठिपक्यांची नक्षी, आणि बसताना ती ते कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते ठेवते. टॅबॅनस हा लॅटिन भाषेतला गोमाशीचाच शब्द. हिचे पंख बहुधा स्वच्छ, काचेसारखे. शृंगिकेच्या तिसऱ्या भागावर वरच्या अंगाला दातासारखा उंचवटा. पंखांवर विश्वास नसेल तर मागचा पाय पाहावा. क्रिसॉप्सच्या मागल्या नडगीच्या टोकाला दोन काटे असतात. टॅबॅनस आणि हिमॅटोपोटा यांना ते नसतात. रंग उडतो, नक्षी झडते, काटा राहतो.

इथपर्यंत हौशी माणूस धीराने पोहोचू शकतो. खोक्यातल्या माश्या टॅबॅनस आहेत हे नववीतल्या मुलीने एका जुन्या पुस्तकातली चित्रे पाहून बरोबर ठरवले होते. अडते ते पुढच्या पायरीवर, जातीवर.

मादीच्या डोळ्यांमधली ती पट्टी म्हणजेच आमच्या विद्यार्थिनीचे ‘कपाळ’. तज्ज्ञ ते मोजतात. उंची तळाच्या रुंदीच्या किती पट आहे, कडा समांतर आहेत की वर जाताना फाकतात, हे पाहतात. कपाळाच्या तळाशी केस नसलेला, गुळगुळीत, चकाकणारा उंचवटा असतो. त्याला मी ‘घट्टा’ म्हणते, हाताला पडतो तसा. तो कोणात चौकोनी, कोणात त्रिकोणी, कोणात वर शेपटीसारखी रेघ ओढलेला. कोणत्या माशीचे कपाळ अरुंद आणि कोणाचे रुंद, कोणाचा घट्टा डोळ्यांना टेकतो आणि कोणाचा अंतर राखून असतो, यावर जाती ठरत जातात. पोटावरचे पट्टे त्यानंतर पाहायचे. ते पट्टे म्हणजे बरेचसे बारीक लव आणि धुळीसारखा लेप. माशी म्हातारी झाली, गवतात घासली गेली, की ते पुसट होतात. मी ज्या खुणेवर नाव ठोकून दिले होते ती सर्वांत कच्ची खूण होती.

आणखी एक खूण आहे आणि ती फार सुंदर आहे. जिवंत गोमाशीचे डोळे हिरवे, तांबूस, जांभळे झळकतात. काही जातींत त्यांवर आडवे पट्टे असतात, काहींत नसतात. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. डोळ्याच्या पारदर्शक आवरणातल्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होतो त्याचा तो खेळ, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. माशी मेली, सुकली, की तो मावळतो आणि डोळे काळपट पडतात. म्हणून पकडलेल्या दिवशीच डोळ्यांचे पट्टे मोजून, रंगवून ठेवायचे असतात.

आमच्या विद्यार्थिनीने ते ठेवले होते. प्रदर्शनासोबत एक वही होती. तिच्यात प्रत्येक माशीचे डोके रंगीत पेन्सिलींनी काढलेले, बाजूला तारीख आणि वेळ. काही डोकी पट्टेवाली, काही एकरंगी, असे तिला आठवते. ती वही आम्ही शाळेत ठेवून घेतली होती. गेल्या वर्षी आम्ही दोघींनी कपाटे पालथी घातली. कधीतरी जुन्या प्रयोगवह्यांच्या गठ्ठ्यासोबत ती रद्दीत गेली असावी. कोणी दिली, केव्हा दिली, हे शोधण्यात अर्थ नाही. त्या काळात रद्दी काढण्याच्या यादीवर माझीही सही होत असे.

नावाचा आग्रह धरण्यात मी एकटी नव्हते, हे पुढे कळले तेव्हा थोडा दिलासा वाटला. १९११ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये गरट्रूड रिकार्डो या इंग्रज बाईंनी पौर्वात्य प्रदेशातल्या टॅबॅनस माश्यांची सविस्तर छाननी प्रसिद्ध केली. त्या काळात एका बाईने इतक्या बारकाईने माश्यांची कपाळे पाहिली, हे मला फार मोठे वाटते. १९१३ साली फिलिपिन्समध्ये मिट्झमेन यांनी टॅबॅनस स्ट्रायेटसच्या दंशाने सर्रा एका जनावरातून दुसऱ्यात जातो हे प्रयोगाने मांडले, आणि ते नाव पुस्तकोपुस्तकी गेले. मग १९८१ साली बर्गर आणि थॉम्प्सन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी जुने नमुने पुन्हा भिंगाखाली घेतले. त्यांना आढळले की स्ट्रायेटस या एका नावाखाली एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती नांदत होत्या. त्यांतली एक टॅबॅनस मेगॅलॉप्स, म्हणजे शब्दशः मोठ्या डोळ्यांची. मी लाल शाई उचलली त्याच्या सोळा वर्षे आधीच हे छापून झाले होते. आमच्या ग्रंथालयातले पुस्तक त्याहून जुने होते.

आपल्यापैकी कोणी विचारील, आणि मीही विचारले, की घोडी तर गेली; स्ट्रायेटस की मेगॅलॉप्स याने काय बदलते? प्रश्न रास्त आहे. सर्रा ज्या परजीवीमुळे होतो त्याचा शोध १८८० साली, त्या वेळच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे, ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात लावला. परजीवीला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे नाव त्याच्यावरूनच. (इंग्रजी शब्दकोश ‘सर्रा’ हा शब्द मराठी ‘सूर’, म्हणजे नाकातून जोराने निघणाऱ्या श्वासाचा आवाज, यावरून आला असे देतात. भाषेच्या माणसाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) हा परजीवी माशीच्या पोटात वाढत नाही. गोमाशी सुरीसारख्या अवयवांनी कातडी कापते आणि साचलेले रक्त टिपते. त्याने दुखते, म्हणून जनावर अंग झटकते, माशी अर्ध्या जेवणातून उठते आणि शेजारच्या जनावरावर बसून जेवण पुरे करते. त्या काही मिनिटांत तोंडाला लागलेले ओले रक्त परजीवीला पलीकडे नेऊन सोडते. म्हणजे हे काम कोणतीही मोठी गोमाशी करू शकते.

माझ्या प्रश्नाला आमच्या डॉक्टरीणबाईंनी असे उत्तर दिले: “बाई, कोण रोग नेते एवढंच विचारलंत तर फरक थोडा. पण कोण कोणत्या महिन्यात येते, दिवसाच्या कोणत्या वेळी चावते, अंडी कुठल्या चिखलाशी घालते, हे जातीगणिक वेगळं असतं. सगळ्यांना एकच नाव दिलं तर सगळ्यांचं पंचांग एकच होतं, आणि ते कुणाचंच बरोबर नसतं.” गोमाशीच्या अळ्या ओल्या मातीत, पाण्याकाठच्या चिखलात वाढतात. विश्वामित्रीच्या काठाने किती तबेले आहेत हे आपण जाणताच. आजही ती त्या तबेल्यांत पावसाळ्याच्या तोंडाला फिरते, आजारी जनावर इतरांपासून दूर बांधायला सांगते, आणि जाता जाता काडेपेटीत माश्या गोळा करते. आता डोळ्यांचे रंग ती तिथल्या तिथे भ्रमणध्वनीवर टिपून घेते.

पालकांच्या मनात चिंता येऊ नये म्हणून एक खुलासा. हा परजीवी माणसाच्या रक्तात सहसा टिकत नाही. आपल्या रक्तातले एक प्रथिन त्याला मारते. विदर्भातल्या एका शेतकऱ्याला तो झाल्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभर आश्चर्य वाटले. त्या गृहस्थांच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते असे पुढे दिसून आले. उपचारांनी ते बरे झाले.

आता खोक्याचे काय झाले ते सांगते. सात माश्यांपैकी एक नर. सहा माद्यांपैकी चौघींची कपाळे एकसारखी आणि अरुंद; दोघींची उघड रुंद, घट्ट्याचा आकारही निराळा. म्हणजे ‘बहुधा एकाहून अधिक’ हे तिचे चार शब्दांहून कमी लांबीचे वाक्य बरोबर होते. पुढे जाऊन नेमकी जाती सांगावी, असा मी पुन्हा आग्रह धरला. सवय जात नाही. तिने नकार दिला. डोळ्यांच्या पट्ट्यांची नोंद गेली आहे, पोटावरचा लेप झडला आहे, आणि संग्रहालयातल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहिल्याखेरीज ती सही करणार नाही म्हणाली. तो दिवस आला तर ती कळवील.

तिने नवी चिठ्ठी लिहिली आहे. अक्षर तेच, वळणदार. ‘गोमाशी. प्रजाती टॅबॅनस, स्ट्रायेटस गट. बडोदे, ऑगस्ट १९९७. जाती निश्चित नाही. बहुधा एकाहून अधिक.’ शुद्धलेखन तपासून द्या, असे तिने मला सांगितले. काढण्यासारखे काही नव्हते. माझ्या लाल शाईची जुनी चिठ्ठीही तिथेच, खाली, ठेवली आहे. सुवर्ण महोत्सवी स्मरणिका ज्यांच्याजवळ आहे त्यांनी सूचीतल्या त्या ओळीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी, आणि १२ च्या जागी ७ करावे, ही विनंती.

भोजनोत्तर विज्ञानकक्ष उघडा राहील. खोका खिडकीजवळच्या टेबलावर आहे, भिंग दोरीने बांधून ठेवले आहे. डावीकडून तिसरी आणि चौथी माशी शेजारी शेजारी पाहा. कपाळांतला फरक तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. टाचण्यांना मात्र हात लावू नका, पाय लगेच गळून पडतात.